बारा घरांचा केर

आमच्या कॉलेजात एक योजना आहे. तिचं नाव एवढं लांब की फलकावर मावलं नाही, शेवटचे दोन शब्द कोपऱ्यात चिरडून बसलेत. मतलब एवढाच, की ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशा सहा पोरांना सुट्टीत प्रयोगशाळेत घ्यायचं आणि संशोधनाची गोडी लावायची. गोडी! जणू ही पोरं अंगणात लपून बसलीत आणि यांनी साखर दाखवून बाहेर काढायचंय.

मी त्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतो. सव्वीस वर्षं धुतोय. पोरं मला मामा म्हणतात, सर लोक 'अहो' म्हणतात आणि साहेब लोक काहीच म्हणत नाहीत, नुसतं बोट दाखवतात. आम्लाचं भांडं कसं धरायचं, कुठलं मशीन सकाळी रुसतं, कुठल्या कपाटाची किल्ली वाकडी लागते, हे सगळं मीच शिकवतो. पण मार्गदर्शक मी नाही. मार्गदर्शक व्हायला नावापुढे तीन अक्षरं लागतात. माझ्या नावापुढे फक्त पगारपत्रकातला अनुक्रमांक आहे.

यंदाच्या सहांत एक पोरगी होती. तिला सगळे टोचणी म्हणायचे, कारण ती गप्प बसली तरी टोचायची. पहिल्याच दिवशी छायाचित्रकार आला. पोरांना पांढरे कोट चढवले, हातात रिकाम्या नळ्या दिल्या. टोचणी म्हणाली, "नळीत काहीच नाही, मग मी बघतेय काय?"

छायाचित्रकार म्हणाला, "उज्ज्वल भविष्य. जरा हसा."

तिचे मार्गदर्शक होते मोठे सर. मोठे म्हणजे पदाने. त्यांचं मार्गदर्शन दर मंगळवारी पंधरा मिनिटं चालायचं, त्यातली अकरा फोनवर जायची. उरलेल्या चारांत ते म्हणायचे, "छान, छान, वाचन वाढवा." पण विषय त्यांनी तिला हवा तो घेऊ दिला, हे मान्य करायला हवं. फॉर्म न वाचता सही केली होती, त्यामुळे.

विषय होता तिची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी जुन्या बॅटऱ्या फोडायची वखार आहे. बॅटरी फोडायची, आतलं शिसं काढायचं, भट्टीत वितळवायचं. दिवसभर धूर आणि भुकटी. टोचणीच्या बहिणीची मुलगी तीन वर्षांची झाली तरी धड दोन शब्द बोलत नव्हती. दवाखान्यात म्हणाले, बोलेल हळूहळू. टोचणीने कुठेतरी वाचलं होतं की शिशाची धूळ लहान पोरांच्या मेंदूवर बसते. तिला बघायचं होतं, घरातल्या फरशीवर ती आहे की नाही.

सुट्टी संपताना समिती बसायची आणि सहांतली दोन पोरं पुढच्या वर्षासाठी ठेवून घ्यायची. ठेवलेल्याला स्वतःचं टेबल, कपाट आणि मशीन वापरायची परवानगी. बाकीच्या चौघांना प्रमाणपत्र आणि तो हसरा फोटो. टोचणीला टेबल हवं होतं. पुढच्या वर्षी गल्लीतल्या पोरांचं रक्त तपासायचं तिच्या डोक्यात होतं, आणि प्रमाणपत्र दाखवून कुणी कुणाचं रक्त तपासू देत नाही.

काम साधं. फरशीवर एक फुटाची चौकट ठेवायची, ओल्या रुमालाने आतली धूळ पुसायची, रुमाल घडी करून नळीत टाकायचा. नळीला कागदी सील आणि सीलवर त्या घरच्या माणसाची सही. दर दहाव्या घरात एका नमुन्याला दुसरा जोडनमुना घ्यायचा, पडताळणीसाठी. बारा घरं गल्लीतली आणि तुलनेला आठ घरं वखारीपासून लांब, म्हणजे आमच्या प्राध्यापकांच्या वसाहतीतली. विसावं घर खुद्द मोठ्या सरांचं. त्यांनी दोन्ही नळ्यांवर अशी लफ्फेदार सही ठोकली की सील कमी पडलं.

नियम असा, की घरात जायच्या आधी आठ दिवस कळवायचं. तिने कळवलं, गेली, पुसलं, आणलं. आम्ही दोघांनी रुमाल आम्लात उकळले, गाळले, मशीनला दिले.

निकाल आला आणि माझ्या हातातला ब्रश खाली पडला.

गल्लीतली बारा घरं : शिसं आढळलं नाही. एकात नाही, दोनात नाही, बारात नाही. वसाहतीतली सात घरं : थोडं थोडं. आणि मोठ्या सरांचं घर : त्या सातांची बेरीज केली तरी वर उरेल एवढं.

टोचणी कागदाकडे बघत म्हणाली, "मामा, मशीन पिऊन आलंय का?"

"मशीन निर्व्यसनी आहे," मी म्हणालो. "दोनदा तपासलं मी."

मंगळवारी सरांनी कागद पाहिला. फोन वाजत होता तो त्यांनी पहिल्यांदाच बंद केला.

"ही लेबलं कुणी लावली?"

"मी, सर."

"अदलाबदल झाली आहे. उघड आहे."

"नाही झाली सर. प्रत्येक नळी मी..."

"अगं, वखारीच्या दारातल्या घरात शून्य आणि माझ्या घरात हे? माझ्या? माझी बायको दिवसातून दोनदा फरशी पुसून घेते." पुसून घेते, पुसते नव्हे. "तुझा दोष नाही. या योजनेतल्या मुलांना शिस्तीची सवय नसते, घरात तसं वातावरणच नसतं. मी समितीला तसं सौम्य शब्दांत कळवीन."

सौम्य शब्दांत! सुरी मऊ कापडात गुंडाळून मारली की रक्त येत नाही, असा या लोकांचा समज आहे.

टोचणी बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. तिने मला बाटल्यांचं कपाट उघडायला लावलं आणि खालच्या कप्प्यात हात घातला. मशीनच्या खाचा भरल्या होत्या म्हणून दोन्ही जोडनमुने न उकळता राहिले होते. विसाव्या घराची दुसरी नळी. सील शाबूत, सही लफ्फेदार.

"जा, आत्ता नाचव त्यांच्या नाकासमोर," मी म्हणालो.

"नको मामा. एकटे असताना दाखवली तर म्हणतील, दे इकडे, मी बघतो. मग ती नळी कोण बघणार?" तिने नळी परत ठेवली. "समितीत. तोवर किल्ली तुम्ही ठेवा. वाकडी लागते, ती एकट्या तुम्हालाच लावता येते."

समितीला अकरा दिवस होते. सरांच्या घराचा प्रश्न त्या नळीने सुटणार होता, पण गल्लीचं कोडं तसंच. शून्य खरं असेल तर खरं म्हणायला पाहिजे. वखारवाल्याला कुठून तरी वास लागला होता. तो लोकांना सांगत सुटला होता, "कॉलेजने तपासलं, आपली वखार दुधासारखी."

त्या संध्याकाळी टोचणीने आईला निकाल सांगितला. दुसऱ्या दिवशी ती मला सगळं करून दाखवत होती, आईच्या आवाजासकट.

आई म्हणाली, "शून्य? बाराच्या बारा घरांना?"

"हो."

"म्हणजे पास झालीस!"

"आई, पास कसली?"

"मग उगाच घासलं का आम्ही तीन दिवस?"

टोचणीची आई मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची खोली पुसते. साधं पुसणं नव्हे. दोन बादल्या, एक साबणाची, एक पिळायची. आतल्या कोपऱ्यातून सुरू करून दाराकडे यायचं. पुसलेल्या जागेवर पाय ठेवला तर स्वतःच्या सासूलाही ओरडायचं. लेकीने आठ दिवस आधी कळवलं की कॉलेजकडून धूळ तपासायला येणार, आणि आईने गल्लीत हाळी दिली. बायांनो, पोरीची परीक्षा आहे. जेवढी धूळ सापडेल तेवढे तिचे मार्क जाणार. मग काय, बारा घरच्या बायका कंबर कसून उभ्या. रुग्णालयातली रीत आईने घरोघर जाऊन शिकवली. पलंग उचलले, दारांच्या वरच्या फळ्या पुसल्या, पायपुसणी उकळली. एका म्हाताऱ्या काकूंनी नवऱ्याला तीन दिवस ओट्यावर झोपवलं, फरशी मळेल म्हणून.

"तुमच्या पोरीने कोपरा पुसला ना, रुमाल पांढराच्या पांढरा!" त्या काकू म्हणत होत्या. "मी तर म्हटलं, घे अजून, पलंगाखाली घे!"

टोचणी कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो काकू, मला रोजची धूळ हवी होती."

"मग आधी बोलायचं ना!" काकूंनी पदर खोचला. "घाण दाखवून मार्क मिळत असतील तर वखारीच्या दारातून दोन पाट्या आणून टाकतो. किती लागेल?"

हे ऐकून मी स्टुलावर बसून हसलो. टोचणी हसली नाही. "हसा तुम्ही. आता पुन्हा नमुना घ्यायला गेले तर एकतर काच, नाहीतर उकिरडा. कुठली बाई पाहुण्याला खरी फरशी दाखवते?"

"कुठलीच नाही," मी म्हणालो. "माझी बायको वीज मंडळाचा माणूस आला तरी मीटर पुसते."

मी बाटल्या विसळत होतो. विसळलेलं पाणी मोरीत न टाकता वेगळ्या डब्यात टाकायचं, हा प्रयोगशाळेचा नियम. धुतलेलं जातं कुठे, हे बघावंच लागतं. मी डबा ओतत म्हणालो, "फरशीवरचं गेलं ते कुठे गेलं?"

"केरात," ती म्हणाली. "मामा, फरशी दाखवायला लाज वाटते. केर दाखवायला कुठे वाटते? उलट, जितका जास्त केर निघाला तितकी बाई कामाची!"

एवढी बुद्धी. आणि हिच्या घरात वातावरण नाही!

तिने मोठ्या सरांना रीतसर अर्ज दिला : पद्धतीत बदल, फरशीच्या जोडीला झाडलेला केर. सरांनी न वाचता सही केली. त्यांच्या मते ती गेल्यातच जमा होती. घरात शिरायचं नव्हतं म्हणून आठ दिवसांची अट नव्हती, तरी घरांनाही पुन्हा कळवलं आणि या वेळी खरं काय ते सांगितलं. मार्क नाहीत. घासा किंवा घासू नका, रोज जसं झाडता तसं झाडा, आणि सात दिवस केर या बरणीत भरा. कमी-जास्त चालेल, कारण आपण एका ग्रॅममध्ये शिसं किती तेच मोजणार. वसाहतीतल्या सात घरांतही बरण्या गेल्या. सरांच्या घरी दिली नाही, अजून आरोप व्हायला नकोत म्हणून.

सात दिवसांनी बरण्या आल्या. प्रत्येकीवर कागद चिकटवून घरातल्या बाईने सही केली होती. केस, दोरे, एक बटण, एका बरणीत पोराचा दात. काकूंची बरणी उघडली तर फेस यायचं तेवढं बाकी. निम्मा साबणाचा चुरा.

"हे काय काकू?" टोचणीने विचारलं.

"केरही स्वच्छ नको का?"

ती बरणी बाद केली. काकूंनी अबोला धरला. उरलेल्या अकरा आणि वसाहतीतल्या सात मी बारीक चाळणीतून चाळल्या, नाकाला कापड बांधून. मशीनने आकडे फेकायला सुरुवात केली तेव्हा मी मोठ्याने वाचत होतो. चौथ्या आकड्यानंतर टोचणी म्हणाली, "मनात वाचा, मामा."

वसाहतीतल्या केरात ग्रॅममागे पन्नास, साठ, सत्तर मायक्रोग्रॅम. गल्लीतल्या केरात चौदाशे. सोळाशे. एकोणीसशे. वखारीला लागून घर असलेल्या टोचणीच्या बहिणीकडे अडीच हजाराच्या वर.

घरी तिने आईला सांगितलं तेव्हा आईने हातातली सुपली खाली ठेवली. मग म्हणाली, "सुपली मी भरत होते. नात शेजारी बसून केरात बोटं घालायची, आणि मी म्हणायचे, बघा कशी कामाची आहे पोर."

समितीत तिघं होते. मधे अध्यक्षबाई, वसाहतीतल्याच, चष्मा नाकाच्या टोकावर. डावीकडे एक गृहस्थ, ते फक्त बिस्किटांकडे बघत होते. उजवीकडे मोठे सर. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. आत उभं राहायला कारण लागतं, आणि तांब्या हे कारण कुणी विचारत नाही.

टोचणीने आधी फरशीचा तक्ता लावला. सर लगेच पुढे झुकले. "मॅडम, इथेच गडबड आहे. लेबलांची अदलाबदल. मी टिपणात लिहिलंय. हुशार मुलगी आहे, पण..."

"पण काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"पण शिस्त."

टोचणीने विसाव्या घराची दुसरी नळी टेबलावर ठेवली. "हा जोडनमुना न उघडलेला आहे. सीलवर सही आहे. बघता का, मॅडम?"

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. सही पाहिली. मग सरांच्या टिपणाखालची सही पाहिली. मग पुन्हा नळी.

"ही तर तुमचीच."

सर म्हणाले, "तशी दिसते."

"तशी म्हणजे? अशी सही दुसरा कोण करतो? यात अर्धा नागोबा काढलाय तुम्ही." बिस्किटवाले गृहस्थ पहिल्यांदाच हसले. अध्यक्षबाईंनी नळी उजेडात धरली. रुमालाच्या घडीला हिरवे बारीक कण चिकटले होते. "आणि हा खिडकीचा रंग. जुना तेलरंग, त्यात शिसं असतं. वसाहतीच्या बैठकीत किती वर्षं सांगतेय मी, तुमच्या खिडक्या खरवडून घ्या म्हणून. सगळ्यांनी घेतल्या."

"घेणारच होतो," सर म्हणाले.

हसू दाबायला मी वळलो आणि तांब्यातून पेले भरू लागलो.

"म्हणजे लेबलं बरोबर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मग गल्लीत शून्य कसं?"

टोचणीने केराचा तक्ता लावला आणि सांगितलं. परीक्षेची हाळी, दोन बादल्या, काकूंचा नवरा ओट्यावर, सगळं. साबणाची बरणीही लपवली नाही. म्हणाली, "चूक माझी होती. मी नियमाप्रमाणे कळवलं, पण बायका त्यावर काय करतील हे विचारलं नाही. आमची गल्ली स्वच्छ आहे, मॅडम. पण ती वखारीमुळे नाही, बायकांमुळे आहे. वखार रोज घरात शिसं टाकते आणि बारा बायका रोज ते सुपलीत भरून बाहेर काढतात. शून्य हा वखारीचा आकडा नाही. तो त्यांच्या कंबरेचा आहे."

बिस्किटवाल्यांनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं.

"ही केराची कल्पना मार्गदर्शकांची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सर घसा खाकरून म्हणाले, "चर्चेतून तसं..."

"सरांची सही आहे अर्जावर," टोचणी गोड आवाजात म्हणाली. "वाचला असेल त्यांनी."

माझं नाव तिने घेतलं नाही, कारण मीच आदल्या दिवशी तंबी दिली होती : बाटल्या धुणाऱ्याची कल्पना म्हटलंस तर सगळेच हात धुतील.

टेबल तिला मिळालं. अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे सही केली, गल्लीतल्या पोरांच्या रक्ततपासणीसाठी रुग्णालयाला द्यायचं पत्रही लिहायला सांगितलं, आणि मार्गदर्शकाच्या रकान्यातलं सरांचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं. "मंगळवारी नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे रोज यायचं. आणि मला टोचलंस तरी चालेल."

पण गल्लीला अजून सांगायचं बाकी होतं. टोचणीला त्याचीच धास्ती. रविवारी तिने बायकांना ओट्यावर बोलावलं, मीही गेलो. आकडे सांगितल्यावर काकूंनी अबोला सोडला.

"म्हणजे आमच्या घरात विष आहे असं तू कॉलेजात सांगून आलीस?"

"घरात नाही, काकू. केरात. आणि केर तुमचा नाही."

"मग कुणाचा?"

टोचणीने वखारीकडे नुसतं बघितलं.

यावर टोचणीची आई उठली. तिने फार मोठं भाषण केलं नाही. म्हणाली, "ज्याचं त्याला द्यावं. माझी आई म्हणायची, दुसऱ्याचं आपल्याकडे राहिलं तर झोप लागत नाही."

टोचणी घाबरून म्हणाली, "आई, सगळ्यांनी तोंडाला कापड बांधा. केर ओला करून बांधा, उडता कामा नये. हात धुवा. पोरांना लांब ठेवा."

"ते तू आम्हाला शिकवू नको. शस्त्रक्रियेची खोली पुसते मी."

सोमवारी मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पोटदुखीची खोटी रजा टाकली. सकाळी वखारीच्या फाटकासमोर बारा बायका ओळीने उभ्या होत्या. तोंडाला कापड, हातात मोजे, प्रत्येकीजवळ ओल्या केराची घट्ट बांधलेली पिशवी आणि पिशवीवर टोचणीच्या सुबक अक्षरात घर क्रमांक आणि आकडा, काकूंच्या पिशवीवर नुसता क्रमांक. मालक बाहेर आला. टूथब्रश तोंडातच.

"काय तमाशा आहे?"

"तमाशा कसला," टोचणीची आई म्हणाली. "तुमचा माल आमच्याकडे येतोय, कित्येक वर्षं. परत द्यायला आलोय. ओळखता का बघा. नाही म्हणालात तर आम्ही कॉलेजला विचारतो कुणाचा आहे ते, त्यांच्याकडे मशीन आहे. हो म्हणालात तर घ्या मोजून. उद्या पुन्हा येऊ, याच वेळेला."

मालकाने टूथब्रश काढला. हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर पंचाईत. त्याने बायकांकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पुरुष म्हणून आशेने.

मी म्हणालो, "माझ्याकडे काय बघता? मी बाटल्या धुतो."

काकू रांग सोडून पुढे झाल्या आणि आपली पिशवी त्याच्या हातात कोंबली. "धरा नीट. या वेळी साबण घातला नाही."